जनान्याच्या दारावरची सरवरी

कारंजा गावातल्या टॉकीजच्या गल्लीत दिवस मावळला की खरी गर्दी व्हायची. हॉटेलात ग्रामोफोन लागायचा, पानाच्या ठेल्यांवर गॅसबत्त्या पेटायच्या, नटांसारखा भांग पाडलेली पोरं येरझारा घालायची. बोलपट तेव्हा नवे होते. बायकांनाही ते पाहायचे होते, पण घरचे सोडत नव्हते. म्हणून टॉकीजचा मालक इंद्रभान यानं कापडी कनात लावून एका बाजूला बायकांसाठी जनाना केला आणि त्याच्या दारावर सरवरीला बसवलं.

सरवरी विधवा. घरोघर फिरून बांगड्या भरायची, त्यामुळे हिंदू-मुसलमान सगळ्या घरांतल्या बायका तिच्या ओळखीच्या. ती दारात आहे म्हटल्यावर सासवाही सुनांना सोडू लागल्या.

एका संध्याकाळी खेळ चालू असताना कापसाचा दलाल दौलतसिंग मित्रांना घेऊन आला. इंद्रभानचा जिगरी दोस्त. त्यानं सरवरीला बाजूला ढकललं, कनात वर केली आणि एकेका बाईच्या तोंडावर बॅटरीचा उजेड मारून ही कोणाची, ती कोणाची, असं मित्रांना सांगत हसू लागला. बायका पदरात तोंडं लपवू लागल्या. एक नवी नवरी रडायलाच लागली. सरवरीनं बॅटरी हिसकावली आणि दाराच्या दगडावर आपटून फोडली. दौलतसिंगनं हात उगारला. ती जागची हलली नाही. गल्ली बघतेय हे लक्षात आल्यावर तो शिव्या देत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी इंद्रभाननं तिला दौलतसिंगची माफी मागायला सांगितलं.

"बायकायच्या तोंडावर बॅटरी त्यानं मारली, अन् माफी मी मागू? काहून?" सरवरी म्हणाली.

इंद्रभाननं तिला काढलं आणि दारावर आपला भाचा बसवला. मग सरवरी रोज गल्लीच्या तोंडाशी उभी राहू लागली. येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, दारावर आता गडीमाणूस आहे, जायचं तर जा. बायका परत फिरल्या. शेवटी इंद्रभाननं जनानाच बंद केला.

तेव्हा शेजारची रुख्मिणी तिच्यावरच उखडली. "तुह्या रागापायी आमचा शिनेमा गेला."

सरवरीच्या अंगाची लाही झाली. तिनं रुख्मिणीचा हात धरला, आणखी चार-सहा जणींना घेतलं आणि तडक इंद्रभानचं घर गाठलं. ओसरीवर बोलाचाली सुरू झाली. इंद्रभान म्हणत होता, एवढं काय झालं, गंमत केली त्यानं. आतून त्याची बायको मनकर्णाबाई बाहेर आली.

"त्या दिशी मीबी तिथंच होती," ती म्हणाली. "माह्याबी तोंडावर बॅटरी मारली त्यानं. तुमी माहा शिनेमा बंद कराल म्हून बोलली नाही."

इंद्रभानचा चेहरा पडला, मग लाल झाला. दौलतसिंगनं पुन्हा टॉकीजची पायरी चढायची नाही, असं तो ओरडून सांगू लागला. बायकांना वाटलं, जिंकलो. सरवरीचा राग मात्र आणखी पेटला.

"बाकीच्या बायका रडत होत्या तवा कुठं होता हा राग?" तिनं विचारलं.



आठवडाभरात इंद्रभाननं जनाना पुन्हा उघडला आणि त्याला मागून वेगळं, आतून कडी लागणारं दार केलं. सरवरी परत आली, ती बायकांसाठी. टॉकीज कायमची बंद होईपर्यंत ती त्या दारावर बसली, आणि इंद्रभान समोरून गेला की मान दुसरीकडे वळवत राहिली.