जीभ न घासता

मोठ्या आतड्याला कायमची सूज धरली की माणूस शहर वेगळ्याच तऱ्हेने ओळखू लागतो. दुबईत अल मनखूलच्या घरापासून सिलिकॉन ओएसिसमधल्या माझ्या ऑफिसपर्यंत कुठे कुठे टॉयलेट आहे, ते मला झोपेतून उठवून विचारा. खाडीवरच्या अब्रात मात्र टॉयलेट नसतं. म्हणून लेक "ममा, जस्ट वन्स" करत कितीही मागे लागली, तरी त्या लाकडी होडीतून मी तिला कधी पलीकडे नेलं नव्हतं. इथे राहून पोरीला साधी खाडी ओलांडून दाखवता येऊ नये, याचा मला भयंकर राग यायचा.

हॉस्पिटलच्या गोळ्या चालूच होत्या. शौचातून रक्त जाणं थांबलं होतं, पण मुरडा आणि घाई काही जात नव्हती. शेवटी एका चिनी वैद्यबाईंचा दवाखाना गाठला. जायचं म्हणून सकाळी छान आवरलं आणि आमच्या घरच्या शिस्तीप्रमाणे तांब्याच्या पट्टीने जीभ खसाखसा घासली. बाईंनी नाडी पाहिली, मग जीभ बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांचं अर्धं निदान जिभेवरच्या थरावर चालतं, आणि तो मी बेसिनमध्ये धुऊन आले होते. "परत या. घासू नका," त्या इंग्रजीत म्हणाल्या. खलास. घरी नवरा म्हणाला, "तुझी जीभ कशी आहे ते मला विचारलं असतं तरी चाललं असतं."

पारोशा तोंडाने परक्या बाईसमोर बसायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गेले. थर पिवळा, चिकट निघाला. आतड्यात उष्णता आणि ओल साठलीय, असं त्यांचं म्हणणं. गुडघ्याखाली सुया, कडू काढा, आणि थंड, कच्चं सगळं बंद. ताकाला नावं ठेवणारी बाई मला पहिल्यांदाच भेटली.

मी म्हटलं, मग हॉस्पिटलच्या गोळ्या सोडते. बाईंनी सुयांची डबी मिटली. "गोळ्या सोडणार असाल तर मी हात लावणार नाही." काढ्यात काय आहे ते आधी डॉक्टरांना दाखवा, असंही बजावलं. डॉक्टर काही खूश नव्हते, पण त्यांनी रक्ततपासण्या लावून नजर ठेवली. मीही हट्टाला पेटले. ऑफिसच्या पॅन्ट्रीत सगळे आइस्ड कॉफी पीत असताना मी थर्मासमधलं ते कडू पाणी नाक दाबून प्यायले.

हळूहळू फरक पडला. कशाने, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. आजार मात्र गेलेला नाही.

एका शनिवारी लेकीला म्हटलं, "चल, यल्ला." बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा सुटली आणि मध्यावर पोटात ओळखीची कळ आली. लेकीने चेहऱ्यावरून ओळखलं. "ममा, वी शुडन्ट हॅव कम."

"दुखतंय," मी म्हटलं, "दुखू दे. तू पाण्याकडे बघ."

तिने पाण्याकडे पाहिलं नाही. पलीकडचा काठ येईपर्यंत माझा हात धरून ती माझ्याकडेच बघत राहिली.