वेगळा तांब्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — माझा धीर तेवढाच.

दुष्काळाची वर्षं होती. शहर वाढत होतं, नव्या कॉलन्यांनाच पाणी पुरेना, मग खेड्यांना कुठलं? आमचे हे टँकर चालवायचे. पार अजिंठ्याकडच्या वस्त्यांपर्यंत खेपा, कधी दोन-दोन दिवस घरी नाहीत. उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोल्यांत मी आणि सासूबाई वाट बघत बसायचो.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी मी आधीही केली होती. तेव्हा काचपट्टीवर नमुना घेऊन पेशी बघायचे. पेशी चांगल्या, जा घरी. मग दवाखान्यात नवी तपासणी आली. ती पेशी बघत नाही, विषाणू शोधते. माझ्यात तो सापडला.

सिस्टरनं नीट समजावलं. हा संबंधातून येतो, पण अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, कुणीच सांगू शकत नाही. घरात भांडणं करू नका, म्हणाली. मी घरी तिचं अर्धंच बोलणं आणलं.

का? — लग्नाआधी मी औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात कामाला होते. तिथल्या एकाशी माझं होतं, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. ह्यांनी एका शब्दानं विचारलं असतं तर माझा चेहराच बोलला असता. म्हणून आधी मी तोंड उघडलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? सासूबाईंसमोर, ह्यांच्याकडे बघून मी म्हणाले, “बाईला हे नवऱ्याकडूनच येतं म्हणे.”

सासूबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला, बोलणं रोखठोक.

“रात-रात भाईर ऱ्हातो ते ह्याच्यासाठी व्हय रं?”

“म्या तसलं काय केलं नाय,” हे म्हणाले. एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा तांब्या वेगळा झाला. सासूबाई त्याला शिवेनात, ह्यांच्या हातचं पाणी घेईनात. पाण्यातून हे पसरत नाही, मला ठाऊक होतं. बोलले का मी?

पुढच्या तपासणीत पेशीही बिघडायला लागलेल्या निघाल्या. माझ्या उपचाराच्या प्रत्येक वेळी मात्र हे टँकर सोडून सोबत आले, बाहेर बाकड्यावर बसून राहिले. माझं थोडक्यात निभावलं. मी बरी झाले.

पुढं सासूबाईच अंथरुणाला खिळल्या. शेवटचं पाणी लेकानं पाजायचं असतं. हे भांडं घेऊन वाकले, त्यांच्या ओठांपर्यंत नेलं — आणि थांबले. गावोगाव पाणी पोचवणारा माणूस. भांडं माझ्या हातात दिलं.

“तूच पाज. माझ्या हातचं चालायचं नाय तिला.”

सासूबाईंचे डोळे उघडे होते. त्यांना ऐकू येत होतं. सिस्टरचं उरलेलं अर्धं बोलणं तेव्हा सांगितलं असतं, तरी पुरलं असतं.

मी पाणी पाजलं. त्या माझ्या हातचं पाणी पिऊन गेल्या. रडं आवरल्यावर हे मला म्हणाले, “लई केलंस तू आईचं.”

मी मान डोलावली.