कोकरेबाईंची फक्की

कोकरेबाई उभ्याने जेवायच्या. दौंडच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि त्या खेळ. मधल्या सुट्टीत आम्ही बाकीच्या डबे उघडून ऐसपैस बसायचो, आणि या भाकरीवर चटणी घेऊन खिडकीपाशी येरझाऱ्या घालायच्या. "जरा टेका की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "टेकलं की गुडघं झोपत्यात, मग उठवायचं कुणी?" त्यांच्याकडे बघूनच मला धाप लागायची.

त्या खिडकीतून स्टेडियम दिसायचं. स्टेडियम म्हणजे एका ट्रस्टचं मैदान. एका बाजूला दगडी पायऱ्या आणि भोवती पळायची गोल वाट. ती वाट इंजिनांच्या कोळशाच्या राखेची होती, कारण जंक्शनच्या गावात राखेला तोटा नव्हता. कोकरेबाई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या; शाळेत असताना त्या तिथे अनवाणी पळून पहिल्या आल्या होत्या. "काळं पाय घिऊन घरी गेले तर आईनं वळखलंच न्हाई," असं त्या सांगायच्या. पुढे डिझेलची इंजिनं आली, राख मिळेनाशी झाली आणि वाटेवर गवत माजलं. नव्वदच्या दशकात तिथे लग्नाचे मांडव पडू लागले. बाई मात्र रोज संध्याकाळी पोरी घेऊन हजर असायच्या.

मग बातमी आली, की आठवडी बाजार ज्या रस्त्यावर भरतो त्याचं काम निघणार आहे आणि ट्रस्ट मैदान त्या बाजाराला कायमचं देणार आहे. बाईंच्या पायाला भिंगरी होतीच, आता ती थांबेना. ट्रस्टच्या अध्यक्षांकडे खेपा घालून त्यांनी कबूल करून घेतलं, की मी शर्यती भरवते, त्या बघा आणि मग ठरवा. जीपला लोंबकळत त्या केडगाव, तळेगाव ढमढेरे अशा शाळाशाळांतून फिरल्या. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी फक्की मारली, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या पुडीने लेन आखल्या. माझी रेघ नागमोडी जायची. "बाई, ही लेन हाय का ओढा?" म्हणत त्या पायाने पुसून पुन्हा मारायच्या.

सकाळी येऊन पाहतो तर लेनमध्ये कांदे! बाजाराचा रस्ता रातोरात खणला गेला होता आणि बाजारकरी पहाटेच मैदानात शिरले होते. रेघा बघून त्यांना वाटलं, आपल्यासाठीच जागा आखल्यात. दोन रेघांच्या मध्ये एकेक जण ओळीने बसला होता. एक म्हातारा भाजीवाला कौतुकाने म्हणाला, "बाई, आखून ठिवलं ते लई बेस केलं. आज कुणाचं भांडान न्हाई."

आता बाई भाजीच्या पाट्या उधळणार, असं मला वाटलं. जीपमधून मुली उतरत होत्या. बाईंनी तरातरा एक चक्कर मारली आणि म्हाताऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "मामा, भाइरच्या लेन तुमच्या, आतल्या माझ्या पोरींच्या. उचला." कुरकुरत पाट्या हलल्या आणि शर्यती झाल्या. असा जल्लोष त्या मैदानाने पाहिला नसेल. "आगं ए निळ्या रिबिनवाले, वढ की!" म्हणत भाजीवाल्या तराजू टाकून ओरडत होत्या. मीही घसा बसेपर्यंत ओरडले.

अध्यक्ष पायऱ्यांवरून सगळं बघत होते. खाली येऊन त्यांनी बाईंना हात जोडले. "मानलं तुम्हाला. एवढा बाजार किती शिस्तीत बसवलात! इथं बाजारच शोभतो." उन्हाळ्यात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या.

मी भयंकर चिडले. मधल्या सुट्टीत बाईंना म्हटलं, "हाकलून का नाही दिलंत त्यांना? तुमच्या चांगुलपणाने मैदान गेलं."

"त्यास्नीबी पोटं हायती, बाई." त्या खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. "पर माझ्या पोरीस्नी पाय हायती, ते कुणी इच्यारलंच न्हाई." त्या दिवशी त्यांची भाकरी तशीच परत गेली.

पुढे निवृत्त होऊन त्या शिरूरला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मला त्या आठवतात, त्या मैदानावर शेड झाल्यानंतरच्या. ऊस तुटून गेलेल्या कुणाच्यातरी रानात, ढेकळं फोडून, त्या पोरींसाठी पुन्हा फक्की मारत होत्या. बांधावरून रानमालक ओरडला, "बाई, कशाला राबताय? परवा नांगर घालणार हाय मी."

बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "घाला की. उद्या तर पळतो."