छातीवर ठेवलेलं चुंबक

पेसमेकर मला कितीला पडला म्हणाल तर… एक चांगला चालता रेडिओ, बायकोची चुंबकाच्या बटणाची नवी पर्स, फ्रिजवर चिकटवलेले दोन चुंबकी पोपट आणि दोन महिन्यांची झोप. दवाखान्याचं बिल वेगळं. ते निदान एकदाच भरून मोकळा झालो.

२००४ची गोष्ट. अल्लीपुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, नवी तांब्याची तार भरून आम्ही त्या परत द्यायचो. हिंगणघाटात दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी… त्यामुळे थोडा माज होताच.

चालू मोटरला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंग कुठं खरखरतंय ते सांगायचं. गिऱ्हाईक बघतच राहायचं. "माझ्या कानानं पास केल्याशिवाय या दुकानातून मोटर जात नाही," हे मी येईल त्याला ऐकवायचो.

एके दुपारी दुकानातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळलो. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी माझा धंदा विचारला आणि माझ्याच भाषेत समजावलं… हृदयाच्या वरच्या भागातून खाली करंट पोचत नाहीये. मग डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं मशीन बसवलं. त्याची तार थेट हृदयात.

इथवर ठीक होतं. पण मला कान देवानं जरा जास्तच तिखट दिलेत. वॉर्डात तिसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा जावई कुणाला तरी हळूच सांगत होता, "चुंबक जवळ गेलं का मशीन बंदच पडते म्हणे. माणूस जागेवर खतम."

मोटर म्हणजे काय हो? फिरतं चुंबकच की! आणि मी तर रोज तिच्यावर वाकून, छाती अगदी जवळ नेऊन ऐकणारा…

डॉक्टरांना विचारलं असतं तर मिनिटात उलगडा झाला असता. पण ते "दुकान बंद करा" म्हणाले असते तर? वयाच्या पन्नाशीत दुसरं काय येत होतं मला? म्हणून विचारलंच नाही. घरी आलो आणि दुकानाकडे फिरकलो नाही.

दुकान धाकट्या भावावर, देविदासवर टाकलं. त्याला कमी ऐकू येतं… म्हणजे ती काळजी आणखी वेगळी.

इकडे घरात माझी चुंबक-मोहीम सुरू. रेडिओच्या स्पीकरमध्ये चुंबक, म्हणून रेडिओ साळ्याला दिला; पर्स आणि पोपटही घराबाहेर काढले. बायकोनं मिक्सर लावला की मी अंगणात. गावातल्या डीपीला, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरला, वळसा घालून जायचो. लोडशेडिंग असलं की जरा निवांत वाटायचं, लाइट आली की छातीवर हात जायचा. झोपेत मशीन बंद पडलं तर कळणार कसं, म्हणून जागाच राहायचो.

बायको म्हणायची, "अवो, तुम्ही मशीन बसवून आले का भूत?"

दोन महिन्यांनी तपासणीला नागपूरला बोलावलं. एक तरुण मॅडम होत्या, छोट्या सुटकेससारखं यंत्र घेऊन बसलेल्या. मला झोपवलं, छातीला ईसीजीच्या वायरी लावल्या. मग पेटीतून एक काळं, जाड कडं काढलं.

ते मी लांबूनच ओळखलं. आयुष्यभर असलीच कडी हाताळली होती.

"मॅडम… हे चुंबक आहे ना?"

"हो काका. आता हे मशीनवर ठेवायचंय."

मी त्यांचं मनगटच धरलं. "नाई! नाई ठेवायचं! मले घरी जाऊ द्या." घाबरलो की माझी शुद्ध भाषा पहिली पळते.

बायको खाटेशी आली. "काऊन लहान पोरावानी करून राह्यले? सोडा त्यांचा हात!" पण तिचाही आवाज कापत होता, मला ऐकू आला. तिनं माझा हात सोडवला आणि स्वतःच्या हातात घट्ट धरून ठेवला.

चुंबक टेकलं. मी डोळे मिटले. आता संपलं…

आणि हृदय धडधड पळायला लागलं. बंद नाही, उलट जोरात! एका चालीत, नव्या मोटरीसारखं.

"बघा काका, बंद पडत नाही. चुंबक ठेवलं की ते एका ठरलेल्या गतीवर जातं, काढलं की पुन्हा पहिल्यासारखं. आम्ही बॅटरी अशीच तपासतो."

त्यांनी चुंबक उचललं तशी चाल उतरली. मी रडत होतो, आणि बायको माझ्यावर हसत होती… तीही रडतच.

मग मात्र सगळं विचारून घेतलं. दुकानात जायचं, पण चालू मोटरीपासून हातभर लांब राहायचं. वेल्डिंग कायमचं बंद. आणि मोटरीवर वाकून ऐकणं? "ते नाही काका. ते दुसऱ्या कुणाला करू द्या."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीशी उभा राहिलो. आत मोटर चालू होती. सगळं कळूनही पाय उचलेना.

"या ना भाऊ, बाहेर काऊन उभे?" देविदास ओरडला.

गेलो. हातभर नाही, चांगला दोन हात लांब उभा राहिलो. छाती आपल्या चालीनं चालू होती. मग विचारलं, "मी नसताना मोटरी ऐकून कोण देत होतं रे?"

"ऐकून? मले कुठं ऐकू येते भाऊ! हात ठेवून पाह्यतो, गरम झाली नाई का देऊन टाकतो."

"आणि वापस किती आल्या?"

देविदासनं जरा आठवून पाहिलं. एकही आली नव्हती.