गाणं नाय, आधी स्केल

बोईसरला मला गिटार शिकवणारे मास्तर शिफ्ट संपवून कंपनीच्या गणवेशातच क्लासला येतात. बोलताना त्यांची डावी बोटं टेबलावर नाहीतर स्वतःच्या पोटावर सूर दाबत असतात. गाणं मागितलं की म्हणतात, "गाणं नाय. आधी स्केल."

स्केलचे 'मोड', म्हणजे त्याच सुरांचे वेगळे प्रकार, शिकवताना म्हणाले, "सूर तेच, आजी. फक्त दुसऱ्या सुरापासून निघायचं, की तेच रडायला लागतात."

म्हटलं, "आमच्या सासूबाईंना बोलण्यात हे न शिकता येत होतं."

नातीच्या हळदीला मी मास्तरांना न विचारता गिटारवर गाणं वाजवायला बसले आणि मध्येच विसरले. मांडव खिदळायला लागला. विशीत, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पेटी वाजवताना अशीच अडकले, तेव्हा मी येडी मोरीत जाऊन कडी लावून रडले होते. आता गुडघ्यांमुळे पळताही येईना.

तेवढ्यात मटणाचं ताट धरलेले मास्तर ओरडले, "स्केल धरा, आजी! एकेक सूर खाली या!"

मी उतरत उतरत 'सा'वर टेकले. लोकांना वाटलं, गाणं संपलं. टाळ्या पडल्या.

मास्तर हाडूक चोखत जवळ आले. "उतरताना एक सूर गाळलात. उद्या क्लासला या."

"अहो, उद्या लग्न आहे!"

"मग सकाळी लवकर या."