वळचणीला टांगलेले तांदूळ

आमच्या घरात कुठलाही प्रवास ठरला की तयारी माझ्याकडे यायची, आणि मला त्यात मोठा मान वाटायचा. पोंभुर्ण्याहून नुसतं चांद्याला जायचं असलं तरी दोरी, बॅटरी, फडकी असं सगळं मी आदल्या दिवशी ओळीने मांडून ठेवी. त्या हिवाळ्यात एटापल्लीच्या पलीकडचा काळा डोंगर चढायचं ठरलं, तेव्हाही पडवीभर सामान पसरलं. वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "भाऊजी, आपण डोंगर चढाले जाऊन राह्यलो का वरात घेऊन?" बऱ्याच महिन्यांनी ती हसली होती, म्हणून मी आणखी एक दोरी वाढवली.

डोंगर खरा माझ्या थोरल्या भावाचा. तो चांद्याच्या शाळेत भूगोल शिकवायचा, आणि हा डोंगर म्हणजे निजलेला ज्वालामुखी आहे असं त्याने डोक्यात घेतलं होतं. कुणीतरी तिकडून आणलेला एक काळा, भोकाभोकांचा दगड तो येईल त्याच्या हातात द्यायचा. थंडीत माथ्यावरच्या भेगेतून वाफ निघते असं त्याच्या कानावर आलं होतं. ती डोळ्यांनी बघायला तो एका थंडीत एकटाच गेला आणि परत आला नाही. जंगलखात्याची माणसं शोधायला चढली, तेव्हा भेगेपाशी त्याच्या चपला सापडल्या. घरात शिरताना उंबऱ्याबाहेर काढाव्या तशा, जोडीने ठेवलेल्या. रक्त नव्हतं, फाटकं कापड नव्हतं. वाघाचं नाव घ्यायचीही सोय राहिली नाही.

त्याला दोन वर्षं होत आली. आई म्हणे, कुंकू पूस, त्याचं क्रियाकर्म तरी होऊ दे. वहिनी म्हणे, पाहिल्याबिगर मी पुसत नाई. एका चुलीपाशी बसून दोघी एकमेकींशी बोलेनात. मी आधीच तापट, त्यात हे रोजचं. एक दिवस ताट सरकवून मी ओरडलो की मी स्वतः वर जातो, त्या भेगेत उतरून बघतो, आणि मी सांगेन ते शेवटचं. आई रडायला लागली. वहिनी शांतपणे म्हणाली, "मीबी येते."

एटापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकने गेलो, पुढे बैलगाडी. गाडीवान आधी फार बोलका होता. सागाच्या शेंड्यांवरून डोंगर दिसला आणि त्याची बडबड बंद पडली. डोंगराचं नाव विचारलं तर म्हणाला, "ते नाई घेत इथी." मग माझ्या लक्षात आलं की पाखरंही बोलत नव्हती. पायथ्याशी मी उतरलो आणि एका काळ्या खडकावर तळहात ठेवला. खडक कोमट होता. उन्हाने तापला असेल, असं मी वहिनीला म्हणालो. तिने वर पाहिलं, मीही पाहिलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

पायथ्याच्या गावात गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला विचारल्याशिवाय कुणी वर जात नसे. तिथली रीत अशी. चढणाऱ्याने आपल्या हाताने तांदळाची छोटी रास घालायची आणि गायत्याने तिच्यापुढे कोंबडी सोडायची. कोंबडीने दाणे टिपले तर डोंगराने बोलावलं. उरलेले तांदूळ पळसाच्या पानात बांधून गायत्याच्या वळचणीला टांगायचे. खाली आलं की आपली पुडी आपण काढायची, तिथेच शिजवून खायची. पुडी टांगलेली आहे तोवर माणूस डोंगरावर.

मला हे सगळं पोरखेळ वाटत होतं, पण वाद घालून दिवस घालवायचा नव्हता. वहिनीने रास घातली, मी घातली. कोंबडी वहिनीच्या राशीपाशी गेली, मान वाकडी करून बघितलं आणि वळली. माझ्या राशीवर मात्र अशी तुटून पडली की गायत्याला तिला उचलून बाजूला करावं लागलं. तो म्हणाला, "बाई नाई जाणार. तुमाले बलावते." मी मोठ्याने हसलो.

माझी पुडी टांगायला गायत्याने हात वर केला, तेव्हा वहिनीला शेजारची पुडी दिसली. धुराने काळी पडलेली.

"हे कोनाची?" तिने विचारलं.

"तुमच्या मास्तरची," गायता म्हणाला. "त्याचे दाने बी असेच खाल्ले होते, गपागप. डोंगरानं ये म्हटलं. वापस जा, असं नाई म्हटलं."

"मंग आता?"

"घरच्या मानसानं खाल्लं तर तो उतरला. मंग तो मेला, त्याचं सारं करा. नाई खाल्लं, तर वरतच आहे."

वहिनीने डोंगराकडे पाहिलं. मी दोरी खांद्यावर टाकली आणि निघतो म्हणालो. तिने माझा दंड धरला. आजवर तिने मला कधी हात लावला नव्हता. "एक देला," ती म्हणाली. "दुसरा नाई देत मी." आणि पदर खोचून तिने ती काळी पुडी खाली काढली.

पान उघडलं. दोन पावसाळे वळचणीला काढून त्या तांदळात एक किडा नव्हता, एक जाळं नव्हतं. तिने गायत्याच्या चुलीवर ते शिजवले आणि घास घास करून, मीठसुद्धा न घेता, संपवले. मग पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. मी अंगणात बसून लहान पोरासारखा रडलो. भावासाठी रडलो, आणि आता वर जावं लागणार नाही म्हणून सुटल्यासारखं झालं, त्यासाठीही.

घाईघाईने सामान भरून निघालो. नदी ओलांडल्यावर वहिनी एकदम ताठ बसली. "भाऊजी, तुमची पुडी?"

ती तिकडेच राहिली होती. मी गाडी वळव म्हणालो, पण गाडीवान हलेना. "जाऊन काय करान? चढून उतरल्याबिगर आपली पुडी काढता येत नाई." आणि घरच्यांनी खाल्ली, तर मी मेलो असा हिशेब.

मी पुन्हा तिकडे गेलो नाही. नोकरी केली, संसार केला, पुढे पुढे तर ही गोष्ट लोकांना हसत हसत सांगू लागलो. वहिनी कधी हसली नाही. पण दर हिवाळ्यात, पहिली थंडी पडली की चुलीपुढे बसल्या बसल्या, मी त्या खडकावर ठेवला होता तसा तळहात माझ्या हातावर ठेवून बघायची, आणि का ते मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या आजारात ती मला सोडून कुणाला ओळखत नव्हती. एका दुपारी मी तिच्या खाटेशी बसलो, तर तिने डोळे उघडले. "भाऊजी, तुम्ही उतरले का?"

"उतरलो, वहिनी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती दाराकडे बघत होती. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या, जोडीने ठेवलेल्या.