सासऱ्यांसमोरचा श्वास

पन्नाशी ओलांडल्यावर मी शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. करण्यासाठी एका खाजगी विद्यापीठात नाव नोंदवले. हाच विषय महाविद्यालयात शिकवण्यात उमर गेली होती. तरी ‘आता कशाला?’ असे कोणी विचारले की मी विषय बदलत असे. माझी मार्गदर्शिका वयाने माझ्याहून बरीच लहान. ती मला ‘सर’ म्हणे, मी तिला ‘मॅडम’. त्या अवघडलेपणाला आम्ही दोघेही सरावलो होतो.

विषय होता मेंढपाळ कुटुंबांतील स्त्री-पुरुषांची श्वासक्षमता. पाटोद्याजवळच्या एका वस्तीवर मी यंत्र घेऊन जाऊ लागलो. छातीभर श्वास घ्यायचा, नळी ओठांत धरायची आणि एका दमात जोराने फुंकायचे, एवढेच काम. वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांनी बाजेवर बसून घरच्या सगळ्यांना एकेक करून समोर बोलावले. त्यांच्या पुढाकाराने मी भारावलो. पुरुषांचे आकडे उत्तम आले, सुनांचे कमी. धाकट्या सुनेचा तर फारच कमी. पदर सावरत तिने जेमतेम फुंकर घातली. पुन्हा करायला सांगितले, तर पुन्हा तेच. निघताना मी वृद्धांना म्हणालो की हिचा दम कमी दिसतो, डॉक्टरांना दाखवा. ते काळजीपोटीच म्हणालो; पण बोलताना आपण जाणकार असल्याचे सुखही वाटले होते, हे नाकारता येत नाही.

पुढच्या खेपेला धाकटी सून घरीच होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी काही दोष नसल्याचे सांगूनही सासऱ्यांनी यंत्राचा शब्द मानला होता आणि तिचे मेंढरांमागे जाणे बंद केले होते. त्यांनी ते मायेनेच केले होते. सासू मात्र मला सांगत होती की पोरीचा जीव माळावर रमायचा, आता दिवसभर तोंड पाडून बसते.

आम्ही बोलत असतानाच एक कोकरू शेजारच्या ज्वारीत शिरले. सासरे बाजाराला गेले होते. धाकटीने अंगणातूनच हाळी दिली. ती लांब, न तुटणारी हाळी ओढ्यापलीकडच्या टेकाडापर्यंत गेली, आणि तिकडून कोणीतरी ओ दिली.

मी सासूला विचारले, मग त्या दिवशी हिने नळीत नीट का फुंकले नाही?

सासू पदराआड हसली. “सासरा म्होरं बसल्यावर गाल फुगवून फुंकंल व्हय ती? तुमच्या घरात सुना न्हाईत का, सर?”

मी मार्गदर्शिकेला फोन केला. प्रबंधाचे सादरीकरण जवळ आले होते. ती आपुलकीने म्हणाली की स्त्रियांचे आकडे वगळू, प्रबंध पुरुषांपुरता ठेवू. “या वयात तुम्हाला आणखी थांबवणे मला बरे वाटत नाही,” असेही तिने सांगितले. सल्ला नियमाला धरून होता आणि मला तो हवासाही वाटला. पण आकडे वगळल्याने ती मुलगी माळावर परतणार नव्हती.

पुन्हा वस्तीवर गेलो. सासऱ्यांना सांगितले की सुनेत काही दोष नाही, माझी मोजणीच चुकली; त्या दिवशी ती मोकळेपणी फुंकू शकली नव्हती.

त्यांनी बसल्या बाजेवरून हात फिरवला. मग म्हणाले, “म्हंजी मी हितं बसलो म्हनून?”

“मी तुम्हाला तिथं बसू दिलं म्हणून, बाबा.”

काठी घेऊन ते मेंढरांकडे निघून गेले. धाकट्या सुनेने नळी हातात घेतली, पण फुंकली नाही. “तुमीबी तिकडं तोंड करा,” ती मला म्हणाली. मी पाठ फिरवली. मागून आधी सासूचे हसू ऐकू आले, मग एक भरघोस फुंकर. आकडा निरोगी होता.

सासरे परतल्यावर मी तो त्यांना सांगितला. मान हलवून ते बायकोला एवढेच म्हणाले, “उद्या तिला धाड मेंढरामागं.”

जीपची वाट पाहताना मी मार्गदर्शिकेला फोनवरून कळवले की सगळ्याच सुनांची मोजणी नव्याने करावी लागेल. सादरीकरण पुढे जाईल. मुदतवाढीच्या अर्जात ‘संशोधकाची चूक’ असे लिहिले तर चालेल का, असे मीच विचारले.

“लिहा, सर,” ती म्हणाली. “खाली मीही सही करते.”